पाखरामागचं टिन

मी रोज सकाळी पंचशील म्हणतो आणि दहा वाजता दुकानात जाऊन छर्ऱ्याच्या बंदुका विकतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी मनापासून करतो. ज्या वाचकांना हे सोसणार नाही त्यांनी पुढची पानं उलटावीत. या अंकात कविता भरपूर असतात.

संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं तेव्हा मी विचारलं, डॉक्टर-वकिलांचे अनुभव संपले काय? ते हसले. मी गंमत करत नव्हतो. कामाच्या आठवणी लिहितात ते सगळे खुर्चीवर बसणारे. आठ वर्षं काउंटरच्या आत उभा राहिलेला माणूसही काही बघत असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझं वय सत्तावीस. आठवणी लिहायला लहान आहे हे कबूल, पण माझ्या पोटऱ्यांच्या शिरांना विचारा, त्या केव्हाच म्हाताऱ्या झाल्यात.

लिहिण्याची माझी शाळा म्हणजे पत्रकं. आमच्या वस्तीत दोनशे घरांना एक नळ होता, त्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं. मग शिष्यवृत्तीवर, मग रेशनच्या किडक्या गव्हावर. ‘जाहीर निषेध!’ हे दोन शब्द माझ्या हाताला इतके बसलेत की बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेतही जवळजवळ उमटले होते. नळ शेवटी तीन झाले, ते जाऊ द्या. सांगायचं ते असं, की जगात दोनच प्रकारचे लोक असतात, फसवणारे आणि फसणारे, एवढी अक्कल घेऊन मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी नागपुरात बर्डीच्या मागच्या गल्लीतल्या त्या दुकानात नोकरीला लागलो.

दुकान हकीमभाईंचं. बोहरी माणूस, पांढरी दाढी, डोक्यावर सोनेरी काठाची टोपी, बोलणं अर्धं हिंदी अर्धं नागपुरी. दर्शनी भागात कुलपं, कंदील, शिलाई मशीनचे सुटे भाग. आतल्या भिंतीवर खुंट्यांना बंदुका. दारूगोळ्याच्या नव्हेत. हवेच्या. नळी मोडायची, म्हणजे खाली वाकवायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, घोडा दाबायचा. स्प्रिंग सुटते, चामड्याचा वॉशर पुढं धावतो, हवा छर्ऱ्याला ढकलते. सगळी कला एवढीच. सायकलचा पंप आणि ही बंदूक सख्ख्या बहिणी.

नोकरी लागली त्या दिवशी आईनं विचारलं, “काय विकतं बाबू तू तिथं?”

“स्प्रिंगा.”

“कायच्या?”

मी हातपाय धुवायला वळलो.

“बंदुकीच्याच ना?” आई म्हणाली. “मंग सरळ सांग ना. शील घेतलं ते मारायचं नाही म्हणून, खोटं बोलायचं नाही म्हणूनबी घेतलं.”

आई आता घाबरत नाही, पण दर पौर्णिमेला विचारते, “या महिन्यात किती जणाईले परत पाठवलं?” आकडा मोठा असला की तिला बरं वाटतं. मलाही.

कारण परत पाठवणं हेच माझं खरं काम आहे. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना बंदूक नको असते, जाळी हवी असते. कौलाखालची फट बुजवली तर कबूतर येत नाही. वाफ्याभोवती बाभळीच्या काट्या दाटीनं लावल्या तर ससा येत नाही. हे फुकटचं ज्ञान मी पहिल्यांदा देऊ लागलो तेव्हा हकीमभाई ओरडले, “काबे लीडर, तू माल विकायले ठेवला का न विकायले?” लीडर हे नाव त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच दिलं. टोमणा होता. पुढं गिऱ्हाईकंही तेच म्हणू लागली.

गिऱ्हाईकं तरी काय एकेक! एक शेठजी दुकानाच्या दारात रोज सकाळी कबुतरांना ज्वारी टाकत, पुण्य म्हणून. वरच्या गच्चीवर त्यांच्या घरच्यांचे पापड वाळत. ती ज्वारी खाऊन कबुतरं पापडांवर उतरत आणि तिथं जे करायचं ते करत. शेठजी बंदूक मागायला आले. मी म्हटलं, “शेठजी, ज्वारी बंद करा.” ते दचकले. “अरे, धरम का काम है!” म्हणजे खाली दाणे आणि वर छर्रे. मी त्यांना पापडांवर टाकायला मलमलीचं कापड घ्या म्हणून सांगितलं आणि हात जोडले.

दुसरी जात रॉकेलवाल्यांची. कुणीतरी यांना सांगितलेलं असतं की नळीत रॉकेलचा थेंब टाकला की बंदुकीत ‘जोर’ येतो. येतो खरा. मोठा आवाज होतो, धूर निघतो, माणूस खूश होतो. आत स्प्रिंग मोडते आणि वॉशर जळतो. मग हाच माणूस ‘माल खराब दिला’ म्हणत येतो. मी नळी नाकाला लावतो आणि म्हणतो, “कंदील इकडच्या बाजूला आहेत.”

आता मुद्द्यावर येतो. बंदूक निवडायची कशी हे मी लोकांना सांगतो, पण ते मी शिकलो कसं, ते कधी सांगितलेलं नाही. ते सांगायला हा अंक घेतो.

छर्रे दोन मापांचे. एक नंबर बारीक, दोन नंबर जाड. छर्रा कंबरेत बारीक असतो, डमरूसारखा. कबुतराला एक नंबर पुरतो. सशाला दोन नंबर पाहिजे आणि नवी कडक स्प्रिंग पाहिजे, आणि तरीही पंचवीस पावलांच्या आत. त्यापुढून मारलेला ससा मरत नाही. तो काट्यांच्या कुपाटीत शिरतो आणि तीन दिवस मरत राहतो. हे मी काउंटरवर इतक्या रागानं सांगतो की दोघाचौघांनी सशाचा नादच सोडला. आता तर जंगलखात्याचा कायदा आला, परवान्याशिवाय सशाला हात लावता येत नाही. माझं काम कायद्यानं हलकं केलं.

हकीमभाईंच्या भिंतीवर अगदी कोपऱ्यातल्या खुंटीला एक बंदूक होती. लाकडी दस्त्याचं पॉलिश उडालेलं, स्प्रिंग ढिली. तिला ते म्हातारी म्हणत. “कोपऱ्यातली म्हातारी दे” म्हटलं की मी समजायचो, गिऱ्हाईक गरीब दिसलं. कारण म्हातारी ते नेहमी खेड्यातून आलेल्याला, मळक्या धोतरवाल्याला, गोदामातल्या हमालाला दाखवायचे. ती विकली गेली की पाचसहा दिवसांत दुसरी म्हातारी तिथं येऊन लटके. जुन्या बंदुका ते मुद्दाम घेऊन ठेवत. कधी कधी तर चांगल्या बंदुकीची स्प्रिंग काढून तिच्यात जुनी बसवताना मी त्यांना डोळ्यांनी पाहिलं. माझ्या मनात पत्रक तयार होतं, फक्त छापायचं बाकी होतं: ‘गरिबांच्या गळ्यात भंगार!’

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. पौषाचा महिना, दुपारची वेळ. एक माणूस दुकानात आला. तिशीतला, अंगात खाकी कोट, कोपरावर ठिगळ. मला बघून म्हणाला, “जयभीम.”

माझी छाती दोन इंच वाढली. आपला माणूस!

त्याचं नाव शामराव. कुहीला एका सोसायटीच्या धानाच्या गोदामावर राखणदार. तीन वर्षं अर्ज करून ही नोकरी मिळालेली, तीही कच्ची. गोदामात कबुतरांनी थैमान मांडलं होतं. पोत्यांवर बसायची, चोचीनं सुतळी उसवायची, घाण करायची. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. धान खराब दिसलं तर शामरावला घरी बसवतील, असं सेक्रेटरीनं त्याला आधीच सांगून ठेवलेलं.

हकीमभाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “छत कायचं हाय?”

“टिनाचं.”

“जुनं का नवं?”

“जुनंच म्हणा ना. गंजलं हाय.”

“लीडर,” हकीमभाई म्हणाले, “कोपऱ्यातली म्हातारी दे त्याईले.” आणि ते नमाजाला निघून गेले.

बस्स. माझं डोकं फिरलं. माणसाची नोकरी पणाला लागलेली आणि याला ढिल्या स्प्रिंगची बंदूक? कोटाला ठिगळ दिसलं म्हणून? मी म्हातारीला हातसुद्धा लावला नाही. भिंतीवर मधोमध होती ती दोन नंबरची, नवी, कडक स्प्रिंगची, जिची नळी मोडताना गुडघा लावावा लागे, ती काढली. म्हातारीच्याच भावात बांधून दिली. फरक माझ्या पगारातून कापा म्हणायचं मी ठरवूनच टाकलं होतं.

“भाऊ, हे तर लय भारी दिसून राहिली,” शामराव म्हणाला.

“भारीच आहे,” मी म्हटलं. “आपल्या माणसानं कमी का म्हणून घ्यायचं?”

त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी दिवसभर हवेत होतो. क्रांती झाली होती आणि ती मी केली होती, काउंटरवर उभा राहून.

शनिवारी शामराव परत आला. घोंगडीत गुंडाळलेली बंदूक त्यानं काउंटरवर ठेवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “भाऊ, बंदूक चांगली हाय गा. लयच चांगली हाय.”

“मग?”

“कबुतरं दोन पडले. टिन सतरा जागी पडलं.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. कबूतर कुठं बसतं? छताखालच्या लोखंडी कैचीवर. त्याच्या मागे काय असतं? टिन. चुकलेला छर्रा कुठं जातो? आणि कबुतराच्या आरपार गेलेला? आकाशाकडे तोंड करून सशाच्या बंदुकीनं मारत होता बिचारा. प्रत्येक छर्रा गंजक्या टिनातून बाहेर, आणि प्रत्येक भोकातून उन्हाचा एक कवडसा आत, धानाच्या पोत्यांवर.

“ऊन हाय तोवर ठीक,” शामराव म्हणाला. “पण आभाळ पाहा ना बाहेर. मावठं येते काय, असं होऊन राहिलं. पोते भिजले तं सोमवारी मी घरी. लेकरंबाळं घेऊन कुठं जाऊ, सांगा तुमीच.”

हकीमभाई मागे उभे होते. सगळं ऐकलं होतं. मी वाट पाहत होतो की आता सगळ्या गल्लीसमोर माझा पाणउतारा होणार. ते पुढे आले. शामरावला म्हणाले, “भाऊ, चाय पी.” मग कोपऱ्यातून म्हातारी काढली आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवली.

“टिनावर एक मार,” ते मला म्हणाले.

मागच्या अंगणात गंजक्या टिनाचा तुकडा भिंतीला टेकवलेला असे. मी तो कचरा समजत होतो. दहा पावलांवरून मी म्हातारीचा एक नंबर छर्रा मारला. ‘टण्ण’ आवाज झाला. छर्रा चपटा होऊन खाली पडला. टिनावर फक्त एक खळगा. अशा जुन्या खळग्यांनी तो तुकडा देवीचे व्रण पडलेल्या चेहऱ्यासारखा भरलेला होता. म्हणजे हा माणूस प्रत्येक म्हातारी आधी टिनावर मारून बघत होता. स्प्रिंग किती ढिली ठेवायची, की टिन वाचेल आणि दहा पावलांवरचं कबूतर तडफडत न राहता पडेल, ते माप तो या अंगणात घेत होता. धोतरवाल्यांच्या आणि हमालांच्या डोक्यावर टिनच असतं, म्हणून म्हातारी त्यांना. आणि मी मनातल्या मनात त्याच्यावर पत्रक छापत होतो.

“पण तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?” मी म्हटलं. चूक माझी होती, तरी आवाज माझाच चढला. खोड आहे.

“तू कधी विचारलं?” हकीमभाई म्हणाले. “तू तं फक्त पाहत होता, डोळे मोठे मोठे करून. मले वाटलं, लीडर हाय, सगळं समजते. उद्या इतवार हाय. डांबर समोरच्या दुकानात मिळते.”

रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं मी कुहीला गेलो. डांबराचा डबा, गोणपाट, कात्री आणि म्हातारी. शामरावनं तीन दगडांची चूल मांडून डांबर तापवलं. मी शिडीनं छपरावर चढलो. “बोल्टच्या लाइनवर पाय ठेवजा भाऊ,” तो खालून ओरडत होता, “मधात ठेवसान तं अठरावं भोक तुमचंच पडन!”

आमची युक्ती सोपी होती. कवडसे कुठं पडलेत ते बघून शामराव पोत्यांच्या थप्पीवर चढायचा आणि बांबूच्या टोकाला बांधलेला सायकलचा स्पोक भोकातून वर काढायचा. मला छपरावर स्पोक दिसला की मी तिथं डांबरात बुडवलेलं गोणपाट दाबायचो. आठ भोकं झाली आणि ऊन गेलं. आभाळ पार काळवंडलं. आत कवडसे नाहीत, नुसते बारीक उजेडाचे ठिपके, आणि गंजक्या टिनात असे ठिपके कुठंही दिसतात. शामराव स्पोक घालायचा आणि शिव्या द्यायचा, “हे भोक नाही, हा गंजच हाय बाप्पा!” मी हातांनी टिन चाचपू लागलो. आतून मारलेल्या छर्ऱ्यानं टिनाची बारीक पाकळी वर उचललेली असते, ती बोटाला लागते. दहा, अकरा, बारा. बोटं कापली. चौदा. पहिला थेंब माझ्या मानेवर पडला तेव्हा सोळा झाली होती.

सतरावं सापडेना.

“उतरा भाऊ,” शामराव म्हणाला. “घसरून पडसान.”

“सतरावं?”

“उतरा म्हणलं ना!”

पाऊस आला. फार नाही, मावठ्याची सर, पण तासभर पडला. आम्ही दोघं थप्प्यांमध्ये माना वर करून उभे. सोळा ठिगळं धरून राहिली. आणि मग उजव्या कोपऱ्यात, वरच्या पोत्यावर, टप्प. शामराव वानरासारखा वर चढला आणि त्यानं आपल्या जेवणाच्या डब्यातलं पितळेचं वाटकं तिथं ठेवलं. टप्प. टप्प. धान कोरडं राहिलं. आम्ही त्याच थप्पीवर बसून त्याची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. मी त्याला म्हटलं, “शामराव, चूक माझी आहे.” तो म्हणाला, “हो ना गा. तुमचीच हाय. भाकर घ्या अजून.”

पाऊस थांबल्यावर म्हातारी काढली. दहा पावलांवर, कैचीखाली उभं राहून, नेम घेऊन. शामरावचा हात चांगला होता. सहा कबुतरं पडली, बाकीची उडून गेली. मग आम्ही जिथून ती येत होती ती भिंतीवरची खिडकी जुन्या मासेमारीच्या जाळ्यानं बंद केली. मेलेली सहा बघून मला बरं वाटलं नाही, हे लिहून ठेवतो. ती जाळी मी पहिल्याच दिवशी सुचवायला हवी होती. ज्या दिवशी मी माझं नेहमीचं काम विसरलो, त्याच दिवशी मला क्रांती सुचली.

सोमवारी तपासणी झाली. शामराव पुढल्या बाजाराच्या दिवशी दुकानात आला तो हसतच.

“साहेब फिरले सगळे,” तो सांगू लागला. “धान चांगलं हाय म्हणले. मंग कोपऱ्यात गेले, वर पाहतात तं पोत्यावर वाटकं, त्याच्यात पानी. विचारतात, ‘हे काय रे?’ माझं तं काळीजच खाली गेलं, भाऊ. मंग तोंडातून निघून गेलं, ‘साहेब, पाखराईसाठी ठेवलं.’”

“मग?”

“साहेब म्हणले, ‘चांगलं करून राहिला. भूतदया पाह्यजे माणसाले.’ अन् वहीत काहीतरी लिहून घेतलं. अन् म्हातारी तिथंच दाराच्या मागं उभी!”

हकीमभाई इतके हसले की त्यांची टोपी पडली. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. दोन नंबरची बंदूक शामरावनं परत केली, ती त्यांनी पुन्हा भिंतीवर मधोमध लटकवली. पगार कापला नाही. फक्त म्हणाले, “लीडर, तुझ्या हातात लिहिणं हाय. एक पर्चा लिही. पण शिव्या कमी.”

ते पत्रक अजून दुकानात मिळतं. ‘बंदूक घेणाऱ्या बंधूंनो, सावधान!’ असं सुरू होतं, तेवढं मला सोडवलं नाही. खाली प्रश्न आहेत. जाळी लावून पाहिली काय? किती पावलांवरून मारणार? छत कशाचं? आणि सगळ्यात वर, जाड अक्षरात: पाखरामागे काय आहे? माणसं पाखराकडे बघून बंदूक मागतात. बंदूक पाखरामागचं बघून निवडायची असते. निषेधाचंही तसंच असावं असं मला हल्ली वाटतं, पण चळवळीतल्या मित्रांसमोर मी ते फारसं बोलत नाही.

शामराव पक्का झाला. गोदामाला सिमेंटचं छप्पर आलं. हकीमभाईंचे गुडघे गेले, ते आता खुर्चीवर बसून असतात. अंगणातल्या टिनाच्या तुकड्यावर म्हाताऱ्या मीच मारून बघतो.

गेल्या महिन्यात खाप्याचा एक तरुण विणकर आला. हातमागांच्या शेडमध्ये कबुतरं, सुतावर घाण. शेड टिनाची. जाळी लावली होती, आत अडकलेली निघत नव्हती. मी कोपऱ्यातली म्हातारी काढून त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं तिचा उडालेला रंग बघितला. मग माझ्याकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मधातली नवी सोडून हे जुनी काहून देऊन राहिले मले?” तो कडाडला. “कपडे पाहून माल दाखवता काय तुमी? गरीब दिसलो म्हणून? असं चालते काय हे इथं?”

खुर्चीवरून हकीमभाईंनी एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. यानं निदान विचारलं तरी! मी काउंटरची फळी उचलली, त्याला आत घेतलं, चहा सांगितला आणि म्हटलं, “चाल माझ्यासंगं मागच्या अंगणात. तिथं एक टिन हाय, ते तुले दाखवतो.”